आठव्या दृश्याचा धूर

उनगोक तालुक्यात पाहण्यासारखी आठ ठिकाणं आहेत, आणि त्यातलं आठवं ठिकाण म्हणजे मालसुन नावाच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचं धुराडं. ही थट्टा नाही. तालुका कचेरीने छापलेल्या रंगीत पत्रकात धबधबा, किल्ला, देऊळ आणि तळं यांच्या पंगतीला शेवटच्या पानावर तिच्या घराचा धूर बसवलेला आहे. धूर सुरेख आला आहे. त्या धुराखाली चुलीपाशी गुडघे टेकून डोळे चोळत बसलेली मालसुन फोटोत नाही, कारण ती दृश्यात मोडत नाही.

आठच का, असं त्या तालुक्यात कोणी विचारत नाही. शेजारच्या तालुक्याला आठ आहेत, त्याच्या शेजारच्यालाही आठ आहेत, मग आपण सातावर समाधान मानायचं म्हणजे नाक कापून घेणंच. तीनशे वर्षांपूर्वी राजाची खप्पामर्जी झालेला एक पंडित राजधानीतून इथे येऊन पडला होता. हाताला काम नव्हतं, म्हणून त्याने दृश्यं मोजायला घेतली. सात भरली, आठवं काही केल्या सापडेना. संध्याकाळ झाली होती, पंडिताच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि ओढ्यापलीकडे सोलमे गावाच्या वरच्या आळीत तेरा घरांची धुराडी धूर सोडत होती. झालं काम. 'सोलमेचा सांजधूर' हे आठवं दृश्य ठरलं, त्यावर कविता झाली आणि ती फळीवर कोरून ओढ्याकाठच्या मंडपात टांगली गेली. या गृहस्थाने जन्मात कधी चूल फुंकली नव्हती, हे कविता वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच कळतं.

बाकीच्या सातांचीही परिस्थिती फार वेगळी नाही. धबधबा पाऊस पडला तर पडतो. किल्ल्याचे चार दगड उरलेत आणि त्यांतल्या दोनांवर कोणीतरी लाल मिरच्या वाळत घालतं. कासवखडकात कासव दिसायला सोबत मार्गदर्शक लागतो, आणि मार्गदर्शक रजेवर असला की तो नुसता खडक असतो. तरी शनिवार-रविवारी बस भरून येते. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका असते, प्रत्येक ठिकाणी पेटीत शिक्का ठेवलेला असतो आणि आठ शिक्के भरले की सुक्या अळिंब्यांची पिशवी फुकट मिळते. लोक आधी शिक्का मारतात. वेळ उरला तर दृश्यही पाहतात. बस बरोबर पाच वाजता मंडपापाशी येते, आणि पाच वाजता समोर धूर हवा.

आता वरच्या आळीत घरं तेराच आहेत, पण माणूस एकाच घरात आहे. बाकी बारांतली काही माणसं मुलांकडे शहरात गेली, काही म्हाताऱ्यांच्या इस्पितळात गेली आणि उरलेली मागच्या पाइनच्या टेकडीवर गवताखाली झोपली. खालच्या आळीत आठ-नऊ बिऱ्हाडं आहेत, पण मध्ये बांबूचं बन असल्यामुळे ती मंडपातून दिसत नाहीत, शिवाय सगळ्यांकडे बॉयलर आहेत. तिथले तरुण मंडळाचे अध्यक्ष अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांना तरुण रक्ताने पुढे यायला हवं, असं नेहमी वाटतं.

मालसुन या आळीत लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती. घरातली पाचवी मुलगी. मुली आता पुरे, असं देवाला कळावं म्हणून बापाने नावातच 'शेवटची' घातलं होतं. देवाने ते वाचलं नसावं, तिच्या पाठीवर आणखी दोघी झाल्या. सोलमेत तिला नावाने कोणी हाक मारली नाही. इथे बाई माहेरच्या गावाच्या नावाने ओळखली जाते, म्हणून ती बामगोलवाली. इथे खोलीची जमीन खालून तापवतात, पूर्वी चुलीच्या जाळाने आणि आता बॉयलरने. सगळ्या आळीने बॉयलर बसवले तेव्हा तिच्या नवऱ्याने बसवू दिला नाही. यंत्राच्या उबेने हाडं शेकत नाहीत, लाकडाच्या आगीने तापलेली जमीनच खरी, असं त्याचं ठाम मत होतं. ती जमीन तापवायला रोज दोनदा चुलीपुढे वाकणारी हाडं त्याची नव्हती, त्यामुळे मत बदलायचं कारणही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तो मताला चिकटून गेला.

त्यानंतर मालसुनला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बॉयलर. मोटार नको, परदेशवारी नको, इंचनला मुलाच्या दहाव्या मजल्यावरची खोली तर नकोच नको. भिंतीवर एक बटण असावं, ते दाबलं की जमीन तापावी, आणि गुडघे टेकून राखेत तोंड घालावं लागू नये, एवढंच. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. एकदा खाली बसलं की उठायला खांब धरावा लागे, आणि थंडीत तो खांबही बर्फासारखा लागे.

कचेरीने म्हाताऱ्यांसाठी बॉयलरची योजना काढली तेव्हा तिने सगळ्यांच्या आधी अर्ज केला. यादी लागली. खालच्या आळीतल्या ज्यांच्याकडे जुना होता त्यांना नवा मिळाला, आणि जिच्याकडे नव्हताच तिचं नाव खोडलेलं होतं. चौकशी करायला ती बसने तालुक्याला गेली. पर्यटन विभागात पांग ह्ये-रिम नावाची एकोणतीस वर्षांची अधिकारी होती. मुलगी गोड, बोलणं गोड, आणि उत्तर कडू.

"आजी, तुमचं घर दृश्यसंरक्षणाच्या यादीत आहे. त्यात काही बदल करता येत नाही. संमतीपत्रावर तुमचाच शिक्का आहे बघा."

शिक्का तिचाच होता. पण सोलमेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे सहीऐवजी मारायचे नावाचे शिक्के सरपंचाच्या खणात असतात. खताची मागणी असो की मतदारांची यादी, दर वेळी घरोघर हिंडायचा त्रास नको म्हणून सरपंच ओक दाल-सू खण उघडतो आणि टपाटपा सगळ्यांची संमती घेऊन टाकतो. ही सोय गावाला इतकी अंगवळणी पडली होती, की आपण कशाकशाला हो म्हटलंय हे विचारायलासुद्धा कोणी जात नसे. मालसुनने विचारलं तेव्हा दाल-सूने डोकं खाजवलं. त्या दिवशी टॉवेल वाटले होते, एवढंच त्याला आठवत होतं. तिलाही टॉवेल आठवत होता. एका धुण्यातच विरला होता तो.

पुढे गंमत वाढली. हिवाळा तोंडावर आला तेव्हा एकाच दिवशी, एकाच पोस्टमनने, एकाच इमारतीतून निघालेली दोन पत्रं तिला आणून दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या पर्यटन विभागाने तिचे मनःपूर्वक आभार मानून कळवलं होतं, की शनिवार-रविवारी पाच ते सहा धूर थोडा दाट असावा, गेल्या महिन्यात पर्यटकांची निराशा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या पर्यावरण विभागाने ताकीद दिली होती, की आपल्या घरातून हवा दूषित करणारा धूर निघत असल्याचं निदर्शनास आलं आहे, पुन्हा आढळल्यास दंड होईल. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. तो पर्यटन विभागाच्या पत्रकातून कापलेला होता.

मालसुन दोन्ही पत्रं घेऊन पुन्हा बसमध्ये बसली. दुसऱ्या मजल्याने तिला तिसऱ्यावर पाठवलं, तिसऱ्याने दुसऱ्यावर, आणि इमारतीतली लिफ्ट दुरुस्तीला काढलेली होती. चौथ्या फेरीला ती जिन्यातच बसली. ह्ये-रिम पाणी घेऊन धावत आली.

"पोरी, खालचा मजला म्हनतो धूर करू नको, वरचा म्हनतो दाट कर," मालसुन म्हणाली. "मी आता हितंच मधल्या जिन्यात पेटवते. दोघास्नी सारखाच लागंल."

ह्ये-रिम हसली नाही. तिने दोन्ही पत्रांच्या प्रती काढल्या आणि बघते म्हणाली. कचेरीत बघते म्हणजे काय, हे सत्त्याहत्तराव्या वर्षी कोणाला सांगावं लागत नाही.

मग नोव्हेंबरात प्रांताकडून परीक्षक येणार असल्याची बातमी आली. साऱ्या प्रांतातल्या तालुक्यांची आठ-आठ दृश्यं पाहून एकाला बक्षीस मिळणार होतं. तालुकाप्रमुखांनी धबधब्यावर वरून पाण्याचा टँकर लावला, किल्ल्यावरच्या मिरच्या उचलायला लावल्या आणि कासवखडकाच्या मार्गदर्शकाची रजा रद्द केली. धुराची काळजी कोणाला नव्हती. म्हातारी होतीच की, जाते कुठे?

म्हातारी कुठेही गेली नाही. परीक्षक यायच्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ती ओसरीवर पर्सिमनची फळं सोलत बसली आणि चुलीकडे फिरकली नाही. साडेचारला दाल-सूने गावच्या भोंग्यावरून विनवणी केली, ती ओढ्यापलीकडे मंडपातही ऐकू गेली. "बामगोलवाली वहिनी, चूल पेटवा. तालुक्याच्या अब्रूचा प्रश्न हाय. मघापासनं बघतोय, अजून धूर न्हाई."

थोड्या वेळाने तो स्वतःच धापा टाकत आला.

"वहिनी, ऐकलं न्हाईसा का?"

"ऐकलं की. साऱ्या खोऱ्यानं ऐकलं. माझ्या गुडघ्यास्नी आज सुट्टी हाय."

"अन् धूर?"

"शिक्का तुझ्या खणात हाय न्हवं? मग धूरबी खणातनंच काढ."

दाल-सूच्या मागून ह्ये-रिम आली. टाचांचे बूट, करडा कोट, चेहरा पांढराफटक. बस मंडपापासून पंधरा मिनिटांवर होती. तिने मालसुनकडे पाहिलं, मालसुनने सुरी थांबवली नाही. मग ती मुलगी बूट काढून ओसरीखालच्या खोलगट स्वयंपाकघरात उतरली आणि चुलीपुढे गुडघ्यांवर बसली.

पुढचा अर्धा तास मालसुनने मनापासून आनंदात घालवला, हे लपवण्यात अर्थ नाही. पोरीने ओली लाकडं आधी घातली. मग आपल्या फायलीतले कागद घातले. मग फुंकर मारायच्या ऐवजी श्वास आत ओढला आणि खोकून खोकून बेजार झाली. धूर सगळीकडून आला, फक्त धुराड्यातून नाही. दारातून आला, खिडकीतून आला, जमिनीच्या फटींतून आला. मंडपातल्या परीक्षकांना वाटलं घर पेटलं. कोणीतरी बंब बोलावला. तालुकाप्रमुखांनी प्रसंगावधान राखून हे पारंपरिक प्रात्यक्षिक असल्याचं सांगितलं. परीक्षकांनी वहीत 'जिवंतपणा' या सदराखाली पूर्ण गुण दिले म्हणतात.

सगळं शांत झाल्यावर ह्ये-रिमला उठता येईना. मालसुनने तिला खांब दाखवला. मुलीच्या कपाळावरचे केस जळाले होते आणि गुडघ्यांवर काजळी होती.

"आजी, हे रोज करता तुम्ही?"

"दोनदा. थंडीत तीनदा."

ह्ये-रिमने तोंड फिरवलं. धुरानेच डोळ्यांत पाणी आलं असेल; पण ते बराच वेळ थांबलं नाही, आणि मग मालसुनचा सगळा आनंद ओसरला. तिने एक फळ सोलून पोरीच्या हातात ठेवलं आणि खा म्हणाली.

दया दाखवायची तरतूद कचेरीच्या कुठल्याच नियमात नव्हती. ह्ये-रिमने सगळे नियम पालथे घातले. शेवटी तिने टिपण लिहिलं, की बॉयलरच्या नळ्या जमिनीखाली जातात, जमिनीखालचं काही मंडपातून दिसत नाही, सबब दृश्यात बदल होत नाही. एवढं सरळ वाक्य साहेबांनी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. सही झाली. नवं वर्ष लागायच्या आत मालसुनच्या भिंतीवर बटण आलं. जुनी चूल तेवढी तशीच राहिली, कारण ती फोडायचं काम दुसऱ्या ठेकेदाराचं होतं आणि तो अजून यायचा आहे.

पहिल्या दिवशी तिने ते बटण नऊ वेळा दाबलं. जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखी तापली. पूर्वी चुलीकडची बाजू भाजायची आणि दाराकडची गारठायची. ती पाठ टेकून पसरली, गुडघे लांब केले आणि मोठ्याने हसली. नवरा असता तर त्याला या जमिनीवर झोपवून, आता सांग तुझ्या हाडांचं मत, असं तिने विचारलं असतं. त्या हिवाळ्यात ती सुखी होती.

आणि जानेवारीच्या मध्यावर तिसऱ्या मजल्याच्या लक्षात आलं, की नळ्या दिसत नाहीत हे खरं, पण आता धूरही दिसत नाही. वरातीमागून घोडं कसं येतं ते पाहायचं असेल तर अशी कचेरी पाहावी. बैठका झाल्या. एकाने दृश्यं सात करावीत असं सुचवलं. त्याची बदली झाली. मग तालुक्याला मिळालेल्या प्रांताच्या बक्षिसातून बारा यंत्रं आली. पाण्याची वाफ करून धुराड्यातून सोडणारी, हवेला निरुपद्रवी, दुसऱ्या मजल्याची मंजुरी मिळालेली. रिकाम्या घरांचे मालक शहरात होते, पण त्यांचे शिक्के दाल-सूच्या खणात होते. आठवड्यात वरच्या आळीतल्या बारा रिकाम्या घरांत यंत्रं बसली.

एप्रिलमध्ये उद्घाटन ठरलं आणि मालसुनला सन्मानाने मंडपात बोलावलं. सत्तावन्न वर्षं ती दृश्यात राहिली होती, पण दृश्य पाहायला कधी गेली नव्हती. संध्याकाळी पाचला कुठली बाई फिरायला जाते? ह्ये-रिमने तिला पर्यटकांच्या बसमध्ये बसवलं, हातात पुस्तिका दिली, आणि मालसुननेही रांगेत उभं राहून आठव्या चौकोनात शिक्का मारला. कवितेची फळी तिने पाहिली. वाचून कोणी सांगितली नाही, तिनेही विचारली नाही.

पाच वाजता तालुकाप्रमुखांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. बारा धुराड्यांतून एकदम, एकाच जाडीचा, पांढरा शुभ्र धूर वर चढला.

मालसुन एकेक घर ओळखू लागली. ते टोकाचं सांगजूवालीचं घर. तिला जाऊन चार वर्षं झाली. जोडीचं डाळिंबाच्या झाडाचं, तिथल्या म्हाताऱ्याला इस्पितळात कोणी भेटायला जात नाही. त्याखालचं ओकचॉनवालीचं, जिच्यासोबत तिने तीस वर्षं कोबीची किमची घातली आणि जिला शेवटचं पाणी तिनेच पाजलं. सगळ्यांच्या घरी स्वयंपाक चालू होता. आत्ता उतरून गेलं तर कोणीतरी दारातून भांडं घेऊन हाक मारील, असं तिला क्षणभर खरंच वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल तिला स्वतःचा राग आला.

शेजारी राजधानीतून, सोलहून आलेली एक बाई फोटो काढत होती. गाव किती जिवंत आहे, असं ती नवऱ्याला सांगत होती. मग तिने फोटो मोठा करून पाहिला आणि तिची भुवई उंचावली.

"ते मधलं एक घर बघा ना, धूर नाही. तिथे कोणी राहत नाही वाटतं. तेवढं पाडलं तर चित्र किती छान होईल."

ह्ये-रिम पुढे झाली, पण मालसुनने तिचा हात धरला.

"ऱ्हाती की एक म्हातारी," ती त्या बाईला म्हणाली. "पर आज ती दृश्यं बघायला गेलीया."

बाई हसली, म्हातारीचाही एक फोटो काढला आणि सुक्या अळिंब्यांच्या रांगेकडे गेली.

घरी जमीन गरम होती, बटण जागच्या जागी होतं. ती पसरली, पण तिला पडवेना. बारा मेलेल्या घरांना जिवंत म्हणतात आणि आपल्याला पाडा म्हणतात, हे तिच्या छातीवर बसलं होतं. हाच बॉयलर मिळवायला तिने दोन मजले पालथे घातले होते, आणि त्यातली एक पायरीसुद्धा तिला परत द्यायची नव्हती. तरी तिला वाईट वाटत होतं.

पुढच्या शनिवारी साडेचार वाजता ती खांब धरून स्वयंपाकघरात उतरली. गुडघे टेकले, शिव्या दिल्या, पाइनच्या काटक्या घातल्या. मोठ्या कढईत बार्ली शिजत घातली, आणि बांधावरचा कोवळा पाला खुडून सोयाबीनच्या सारात टाकला. पाच वाजता तेरावा धूर निघाला, वाऱ्याने वाकडा झालेला.

साडेपाचला ह्ये-रिम धावत आली. वरून फोन आला होता. ती दाराशीच थांबली. जे सांगायचं होतं त्याची तिला लाज वाटत होती, पण सांगणं भाग होतं.

"आजी, चूल कशाला पेटवली? गुडघे दुखतील ना. आणि... साहेब म्हणतात, तुमचा धूर बाकीच्यांशी जुळत नाही. त्यांचा पांढरा आहे, तुमचा काळा येतो. फोटो बिघडतो."

मालसुन मागे वळली नाही. तिने जाळ पुढे सारला, झाकण उचललं आणि डावाने सार ढवळलं.

"काळा येणारच, पोरी. माझ्या घरात अजून कुनीतरी जेवतंय."

मग तिने पाट पुढे सरकवला आणि दोन वाडगे काढले.